झारेकरी

सराफ्यातली शेवटची पेढी आठाला शटर ओढते
आणि तिच्याच पायरीवर
ग्यारसीलाल कढई मांडतो.
दिवसभर तोळ्याचा भाव, रात्री पावशेराचा.
इंदुरात याचं कुणाला नवल वाटत नाही.

प्रबंधाचं चौथं प्रकरण पिशवीत घालून मी येते.
मीनाकाकू विचारतात, तुझा विषय काय गं नेमका?
आरंभीच्या विश्वातल्या द्रव्याची अवस्था.
म्हणजे?
म्हणजे, पाक.

ग्यारसीलाल अंगठा आणि तर्जनी बुडवून बघतो.
"एक तार भी नहीं बनी, मॅडम, रुको."
त्या पाकात बुडवायला बोट नव्हतं.
बोट ज्याचं होतं ते काहीच अजून नव्हतं,
सेकंदाचा पहिला लाखावा भाग सरत होता
आणि उष्णता लाखो कोटी अंश.

एवढ्या तापात सगळे सुटे असणार,
कुणी कुणाला ओळख देणार नाही,
असंच आम्ही धरून चाललो होतो.
मुंगी सरांनी फळ्यावर 'वायू' लिहून
खाली दोन रेघा मारल्या होत्या.
खडू मोडला होता दुसऱ्या रेघेला.

मग दूर कुठे, जमिनीखालच्या गोल बोगद्यात
सोनं सोन्यावर आपटलं.
(सोनंच का? काकूंचा प्रश्न रास्त होता.
जड आणि गोल, मी म्हटलं, आणि त्यांनी बांगडी चाचपली.)
टक्कर अगदी नाकासमोर होत नाही, जराशी हुकते,
दोघांचा एकमेकांवर आलेला भाग
बदामासारखा.
वायू असता तर चुरा सांडलेल्या मोहरीसारखा
चहूकडे सारखाच उडाला असता.
तो बदामाच्या चपट्या अंगाने जास्त निघाला.
वाहिला.
सगळे मिळून, एका ओढीने,
पाणी त्याच्यापुढे डिंक वाटावं इतका सैल.

(चिकटपणा तिथे गर्दीच्या हिशेबात मोजायचा असतो,
हे मी काकूंना सांगितलं नाही.)

मुंगी सर गराडूवर लिंबू पिळत ऐकत होते.
निवृत्त होऊन अकरा वर्षं.
"म्हणजे पातळ," ते म्हणाले,
"आणि मी पंचवीस बॅचेसना..."
पुढचं बोलले नाहीत. जिरावण मागून घेतलं.

जरा निवलं आणि ते थिजलं.
थिजलं तेव्हाचेच हे प्रोटॉन:
कढईतले, बांगडीतले, सरांच्या कवळीतले.
पुन्हा कुणी सुटं झालं नाही,
बोगद्यातल्या त्या थेंबापुरतं सोडलं तर,
आणि तो थेंब
मी 'थेंब' म्हणेपर्यंत टिकत नाही.
मी तो कधी पाहिलेला नाही.
माझ्याकडे येतो फक्त चुरा,
हजारो रेषा, कुठून कुठे गेल्या त्याचे आकडे.

पहाटे चारला कढई पालथी पडते
आणि मुनव्वर येतो.
हातात ब्रश, पत्र्याचा डबा, गुडघ्याला गोणपाट.
पेढ्यांपुढची गटारं खरवडतो:
राख, जळकी साखर, कागद, केस,
आणि असलंच तर सोनं.
घरी नेऊन धुतो, पुन्हा धुतो, आटवतो.
इथले लोक नियारिया म्हणतात,
माझी आजी झारेकरी म्हणायची.
चाळीस वर्षांत एकही दागिना घडताना
त्याने पाहिला नाही म्हणे,
पण कुठल्या पेढीत काल मूस तापली होती
ते गाळावरून सांगतो.

किती निघतं?
"कभी रत्ती. कभी बस मिट्टी."

माझ्या बोटांना पाक लागलेला.
अंगठा आणि तर्जनी वेगळी केली,
एक तार आली, लांबली, तुटेना.
त्या पहिल्या पाकाला आली नसती.
चौथ्या प्रकरणात हे वाक्य बसेल का
याचा विचार करत मी पायरीवर बसून राहिले.

"पैर उठाओ, बेटी," मुनव्वर म्हणाला,
आणि माझ्या चपलांचे तळवेही
डब्यावर धरून
ब्रशने झाडून घेतले.